आजचा बर्फ आज बघायचा

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. एवढं लांब उत्तर मोबाइलवर टाइप करणं मला जमत नाही, म्हणून वहीत लिहितोय. तुझा भाऊ पानांचे फोटो काढून पाठवेल. त्याला म्हटलंय, वाचायचं तर वाच, पण गावभर बोभाटा करू नको.

तू लिहिलंस की उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या माथ्याखाली तुझ्या उजव्या बुटाच्या स्पाइक्सचं, म्हणजे बर्फात पकड मिळायला बुटावर चढवतात त्या दात्यांचं, रबर तुटलं. समोरची तिरपी वाट रात्रीतून घट्ट गोठली होती. तू लीडरला सांगितलंस आणि तिथल्याच एका मदतनीस पोरासोबत खाली फिरलीस. बाकीचे वर गेले, सूर्य उगवताना तिरंगा धरून फोटो काढला आणि सुखरूप खाली आले. आता तो फोटो ग्रुपवर फिरतोय आणि त्यात तू नाहीस. इकडे पारावर कोणीतरी तुझ्या बाबांना म्हणालं, 'पोरगी अर्ध्यातूनच आली म्हणे.' आणि तू मला विचारतेस, 'काका, मी घाबरले का? सगळे तर पोहोचले.'

सगळे तर पोहोचले. हे वाक्य वाचलं आणि सकाळचा चहा माझ्या हातात तसाच थंड झाला. हे वाक्य मी सीमेवरच्या नोकरीत ऐकलं, रिटायर झाल्यावर ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं. आता तूही तेच लिहितेस, म्हणून मला हे पत्र लिहावं लागतंय.

तू धीट आहेस वगैरे मी लिहिणार नाही. पहाटे अंधारात पोरांच्या आधी सरावाला ग्राउंडवर येऊन उभी राहणारी पोरगी धीट आहे की नाही, हे तुला माझ्याकडून कळायची गरज नाही. तुझा गोंधळ धाडसाचा नाहीच. पायाखाली काय आहे हे दुसऱ्याच्या निकालावरून ठरवायचं की स्वतः बघायचं, इथं तू अडकली आहेस. आणि याचं उत्तर माझ्याकडं एकच आहे, ते तुला या पत्रात पुन्हा पुन्हा वाचावं लागेल. आजचा बर्फ आज बघायचा. आपल्या पायाखालचा, आपल्या वजनाला, आपल्या बुटाला, त्या घटकेला बघायचा.

त्या वाटेचं काय झालं होतं ते समजून घे. पायथ्याच्या सांक्री गावाहून हिवाळाभर शेकडो माणसं त्या डोंगरावर चढतात. ताजं हिम भुसभुशीत असतं, त्यात बूट रुततो, पाय धरून राहतो. मग तेच हिम पायाखाली दबून दबून घट्ट होतं. दुपारच्या उन्हात वरचा थर ओला होतो, रात्री गोठतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला, पुन्हा गोठतो. चार-आठ दिवसांत त्या वाटेवर हिम उरतच नाही, सगळा बर्फ होतो. माथा गाठायला तुम्ही निघता रात्री तीन-साडेतीनला, म्हणजे तो सगळ्यात कडक असतो तेव्हा. वर चढताना निभावतं. पण तिरप्या उतारावर पाय सुटला, तर अंगात नायलॉनचं जॅकेट, हातात बर्फात रोवायची कुऱ्हाड नाही. पहिल्या दोन-चार सेकंदांत थांबलीस तर थांबलीस, नाहीतर वेग एवढा वाढतो की मग हाताच्या नखांचं काही चालत नाही. खाली झाड किंवा दगड काय येईल ते येईल.

तुझ्या मैत्रिणींच्या दोन्ही बुटांना स्पाइक्स होते. तुझ्या एकाच बुटाला. मग त्या ज्या वाटेवरून गेल्या ती तुझी वाट कशी होती? जागा तीच, वेळ तीच, पण त्यांचा बर्फ वेगळा आणि तुझा वेगळा. त्या पोहोचल्या यावरून त्यांच्याबद्दल कळतं. तुझ्याबद्दल काही कळत नाही.

तुझे बाबा काय करतात ते आठव. मृगाचा पाऊस पडला आणि शेजाऱ्यानं तिफण जुपली, म्हणून ते जुपत नाहीत. आपल्या वावरात उतरतात, मूठभर माती उचलतात, दाबतात, सोडतात, वाफसा आला का ते बघतात. शेजाऱ्याचं वावर मुरमाड आहे, आपलं काळं, भारी. त्याला आज चालतं ते आपल्याला परवा चालेल. या गोष्टीसाठी त्यांना कोणी भित्रा म्हणत नाही. मग पारावरच्या त्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते त्यांना नक्की माहीत आहे. तू त्यांना सगळं नीट सांगितलं नसशील, एवढंच.

आता रागावून झालं थोडं. तुझ्या मेसेजमध्ये एक ओळ होती, ती मला सगळ्यात आवडली आणि तू ती घाईत लिहून पुढे गेलीस. वाटेतल्या जुडा का तालाब या गोठलेल्या तळ्यावर तुम्ही पोहोचलात तेव्हा काठाशी गुडघे टेकून तू बर्फात बघत होतीस आणि आत बुडबुडे एकावर एक अडकलेले दिसले. बाकीची पोरं तेव्हा सेल्फी काढत होती. तुला ते बुडबुडे दिसले यात मला सगळं आलं. शिखराचा फोटो मला नको.

ते बुडबुडे कसे अडकतात माहीत आहे? पाणी ४ अंशांला सगळ्यात जड असतं. तळं थंड होत जातं तसं ४ अंशांचं पाणी तळाशी बसतं, त्याहून थंड पाणी हलकं म्हणून वर राहतं, आणि गोठायला सुरुवात वरून होते. म्हणून मासे जगतात. बर्फाचा थर वरून खाली जाड होत जातो. तळातून वर आलेला वायू, पाण्यात विरघळलेली हवा, या थराखाली येऊन थांबते आणि थर तिला वेढून पुढे खाली वाढतो. एक बुडबुडा म्हणजे एका थंड रात्रीची खूण. पुढच्या रात्रीचा त्याच्या खाली. गुडघे टेकून बघणाऱ्याला त्या तळ्याचा अख्खा पौष महिना वाचता येतो.

आणि रात्रीचा आवाज! लडाखमधल्या पँगाँग तळ्याच्या काठाला मी हिवाळ्यात राहिलोय. पाणी खारट, तरी ते गोठतं. संध्याकाळी ऊन गेलं की पारा झरझर उतरतो, बर्फ आकसायला लागतो, आणि मैलभर लांबून एक आवाज निघतो. आधी तार तोडल्यावर येतो तसा बारीक, मग पोटात घुमणारा, काठाकडे येतो आणि तुझ्या पायाखालून पलीकडे निघून जातो. नवीन आलेली पोरं दचकून उठायची. मी पहारा नसतानाही बाहेर येऊन उभा राहायचो. सकाळी बघावं तर पांढरी रेघ, हात-दोन हात खोल, पार दिसेनाशी होईपर्यंत गेलेली. त्या रेघेच्या कडेला आतला बर्फ निळा. आपल्या वऱ्हाडात बर्फ म्हणजे गव्हावर पडलेली गारपीट, नाहीतर जत्रेतला गोळा. मला त्या निळ्याची सवय कधी झालीच नाही, आणि झाली नाही याचा मला आनंद आहे.

लेहच्या विलोच्या झाडांवर पहाटे दवाचं हिम धरतं. प्रत्येक काडीला एकाच बाजूनं बारीक सुया, ज्या बाजूनं ओल आली त्या बाजूला. ऊन आलं की अर्ध्या तासात सगळं खलास. हेही सांगून ठेवतो, कारण पुन्हा गेलीस तर पहाटे सहाला उठून बघायची गोष्ट ही आहे. रील काढायची असेल तर काढ, पण आधी दहा मिनिटं डोळ्यांनी बघ.

तिथल्या लोकांना बर्फ म्हणजे पाणी, हेही लक्षात ठेव. लडाखच्या चेवांग नॉर्फेल नावाच्या इंजिनियरबद्दल मी पोरांना नेहमी सांगतो. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी काय केलं, तर हिवाळ्यात वाया जाणारं नाल्याचं पाणी गावाच्या वरच्या अंगाला सावलीत वळवून उथळ वाफ्यांमध्ये गोठवलं. खरी हिमनदी लांब उंचावर, ती उशिरा वितळते आणि पेरणी तोवर खोळंबते. हा खालचा बर्फ आधी वितळतो आणि पेरणीला पाणी मिळतं. आपल्याकडं शेततळं खणतात, तिकडं बर्फ साठवतात. पण हे जमलं कुणाला? ज्यानं वर्षानुवर्षं कुठं बर्फ आधी धरतो आणि कुठं आधी सुटतो हे स्वतः बघितलं त्याला.

आता तळ्यावर चालणाऱ्या तुझ्या ग्रुपबद्दल. 'सगळे चालत होते म्हणून आम्हीही गेलो' असं तू सहज लिहिलंस. शिखराखाली अक्कल वापरली, मग तळ्यावर काहून नाही? स्वच्छ, निळसर-काळा, घट्ट बर्फ निदान १० सेंटिमीटर जाड असेल तर एकटं माणूस चालू शकतं, असा साधारण दंडक आहे. दुधट पांढरा बर्फ म्हणजे त्यात हिम आणि हवा मिसळलेली. त्याची ताकद अर्धी धरायची, म्हणजे जाडी दुप्पट पाहिजे. वर हिमाची रजई पसरली असेल तर आणखी सांभाळ, कारण ती थंडी आत जाऊ देत नाही आणि खालचा बर्फ पातळच राहतो, शिवाय तुला तो दिसत नाही. जिथं झरा येऊन मिळतो, जिथं खडक किंवा ओंडका वर आलाय, जिथं वेत किंवा गवत उभं आहे, तिथं तो नेहमी कमकुवत. आणि आवाज करणारा बर्फ म्हणजे फुटणारा बर्फ असं नाही. गप्प बसलेला म्हणजे भक्कम असंही नाही. तुमच्यापैकी कोणी जाडी विचारली? कोणी काठी ठोकली? वीस जण एकाच जागी गोळा होऊन फोटोला उभे राहिलात. कालच्या वीस जणांना पेललं, हे कालचं झालं. आजचा बर्फ आज बघायचा.

नदीवर तर हे आकडेही विसर. वाहत्या पाण्यावरच्या बर्फाची जाडी दोन पावलांत बदलते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार जोरात, तिथं पातळ. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खालचं पाणी उतरतं. कडाक्याच्या थंडीत वरून येणारा ओघ कमी होतो, पाण्याची पातळी खाली जाते आणि बर्फाचं छत आधाराशिवाय तसंच लटकून राहतं. वरून बघशील तर जाड, पांढरं, सपाट. पण पाण्यावर टेकलेला बर्फ आणि पोकळीवर लटकलेला बर्फ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काठी ठोकली की कळतो. भरीव बर्फ 'ठक' म्हणतो. पोकळ बर्फ खोल बोलतो, रिकाम्या कोठीवर हात मारल्यागत.

असाच आवाज मला एकदा आला होता. हे मी ग्राउंडवर कधी सांगितलं नाही, आज सांगतो.

पूर्व लडाखमधला एक नाला. फेब्रुवारी महिना, आमची गस्त परत येत होती. पुढे मी होतो, म्हणजे काठी माझ्या हातात. त्याच नाल्यावरून आम्ही जाताना आलो होतो, आमच्या बुटांचे ठसे अजून ताजे दिसत होते. मी काठी ठोकली आणि आवाज खोल आला. दोन पावलं बाजूला ठोकली, तोच आवाज. काठाशी वाकून बघितलं तर बर्फ आणि दगड यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट पडलेली आणि आत पाणी खूप खाली. मी म्हणालो, इथून जायचं नाही, वरच्या अंगानं वळसा घेऊ. माझ्या मागं माझा सगळ्यात जवळचा दोस्त होता. बुलडाण्याकडचा, भरतीपासून बरोबर. तो म्हणाला, सकाळी आलोच की याच्यावरून. मी म्हणालो, सकाळचा बर्फ सकाळी होता. बोलाचाली झाली. शेवटी असं झालं की तो आणि आणखी काही जण एकेक करून, अंतर ठेवून, तिथूनच गेले. मी आणि उरलेले वळशानं गेलो.

ते पोहोचले. चहा पिऊन, मोजे सुकवून बसले होते, तेव्हा आम्ही अंधारात चौकीवर आलो. वळशाच्या वाटेवर मऊ हिम मांडीपर्यंत होतं, बुटांत घामानं ओल आली होती आणि वारा सुटला होता. माझ्या डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तेव्हा पांढरं पडलं, पुढे टोकाकडून काळं झालं आणि गेलं. तू ग्राउंडवर मला बूट काढताना कधी पाहिलं नाहीस, त्याचं कारण हे.

साहेबांनी बोलून घेतलं ते वेगळंच. पण दोस्तानं पुढची सगळी वर्षं हेच लावून धरलं की आम्ही तर पोहोचलो, तुझ्या हट्टापायी तुझीच बोटं गेली. त्याच्या पोरीच्या लग्नात भेटलो तेव्हा पंगतीतही तो तेच म्हणाला, चार लोकांसमोर. मी ताटावरून उठलो नाही, पण त्यानंतर त्याला फोनही केला नाही. तो गेला हे मला दुसऱ्याकडून कळलं. याचा सल मला आहे. फोन करायला पाहिजे होता, बोलायला पाहिजे होतं. पण त्या नाल्याबद्दल मी काय बोललो असतो? हेच बोललो असतो, जे तुला लिहितोय.

तो बर्फ पोकळ होता. त्या दिवशी तो पाच-सहा माणसांना पेलून गेला, ठीक आहे. पोकळ छत शंभर वेळा पेलतं आणि एकदा बसतं, आणि ते कितव्यांदा हे आधी लिहून ठेवलेलं नसतं. माझी बोटं गेली ती ओल्या मोज्यांमुळे आणि वाऱ्यामुळे. काठीनं खोटं सांगितलं म्हणून गेली नाहीत. ही गोष्ट मी डॉक्टरला सांगितली, बायकोला सांगितली, आता तुला सांगतोय. तो वळसा मी आज पुन्हा घेईन. मोजे बदलून घेईन, पण वळसाच घेईन. रब्बीत आपल्याला रात्रपाळीची थ्री-फेज मिळते, बारा वाजता मोटर सुरू करून गव्हाच्या ओलितात उभा राहतो तेव्हा नसलेली बोटं ठणकतात. तेव्हाही माझं मन मी चाचपून बघतो आणि उत्तर तेच येतं.

तुला वाटेल, काका आपलंच रडगाणं गातायत. वाटू दे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर याच्यातच आहे. पुढची वीस वर्षं तुला 'सगळे तर पोहोचले' हे ऐकवणारे भेटतील, आणि तुझ्याकडं पुरावा काहीच नसेल. परत फिरलेल्या माणसाकडं कधीच पुरावा नसतो, कारण जे झालं नाही ते दाखवणार कसं? त्याची सवय तुला आत्तापासून करावी लागेल.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो तू शेवटी हळूच टाकलास. येत्या जानेवारीत चादरला, म्हणजे लडाखमधल्या गोठलेल्या झांस्कर नदीवरच्या ट्रेकला, जाऊ का, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद होतील.

नाही. तोंडं बंद करायला बर्फावर जायचं नाही.

चादरबद्दल मला जे माहीत आहे ते आमच्या चौकीवर येणाऱ्या झांस्करी पोर्टरांकडून. मी स्वतः त्या नदीवर चाललो नाही, ते राहूनच गेलं, आणि आता या पायांनी होणार नाही. त्या लोकांना ती सहल नव्हती. हिवाळ्यात खिंडी बंद झाल्या की पदुमकडून लेहला यायला गोठलेली झांस्कर नदी हीच वाट. लोणी विकायला न्यायचे, शाळेतली पोरं पोहोचवायला न्यायचे. २०२४ साली लेहकडच्या निम्मूपासून पदुममार्गे हिमाचलातल्या दारचा गावापर्यंत रस्ता जोडला गेला, तसतशी ती गरज कमी होत चालली आहे. पण त्यांचं चालणं बघण्यासारखं. पाय उचलायचा नाही, सरकवायचा, वजन पुढच्या पायावर ठेवायचं, आणि काठी सतत पुढे बोलती ठेवायची. काल ज्या वाटेनं आले त्याच वाटेवर आज परत ठोकत ठोकत जायचे. बाप झांस्करी, आजा झांस्करी, तरी ठोकायचे. खालच्या अंगाला बर्फ अडून फुगवटा आला की पाणी बर्फावरून वाहायला लागतं, मग ते गुहेत बसून राहायचे. एक रात्र, दोन रात्री, नदी बसवेल तेवढ्या. कोणी म्हणायचं नाही की आमचं शनिवारचं विमान आहे.

तुझ्या मनातलं वेळापत्रक आणि नदीचं वेळापत्रक एक नसतं. ३१ डिसेंबर २०१४ ला वर फुकताल भागात दरड कोसळून झांस्करला मिळणारी नदी अडली आणि मागं मोठं तळं साचलं. त्या हिवाळ्यात चादरवर बंदी आली. पुढं मे महिन्यात, ७ तारखेला, ते तळं फुटलं आणि खालचे पूल वाहून गेले. खालच्या घळीत चालणाऱ्याला वर काय साचलंय हे दिसणार आहे का? म्हणून तिथं कोणी 'आज थांबा' म्हटलं तर थांबायचं, पैसे भरलेत म्हणून वाद घालायचा नाही.

जायचंच असेल तर आधी या गोष्टी अंगी लाव. बर्फातून पाण्यात पडलीस तर पहिलं मिनिटभर छाती धपापते, श्वास आवरत नाही; त्या मिनिटात फक्त तोंड वर ठेव, बाकी काही करू नको. मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. ज्या बाजूनं आलीस त्या बाजूला तोंड कर, कारण तिथला बर्फ तुला निदान एकदा पेलून बसलाय, कोपर टेकव, पाय पोहल्यागत मार, पोटावर वर सरक आणि उभी न राहता लोळत लांब जा. थंडीनं शुद्ध जायला तासभर लागतो, पण हात त्याच्या कितीतरी आधी सोडून देतात. पाठपिशवीचा कंबरपट्टा आणि छातीचा पट्टा बर्फावर चालताना उघडा ठेव.

बोटं पांढरी, मेणचट, बधिर झाली तर चोळायची नाहीत. हिमानं चोळ म्हणणारे शहाणे आजही आहेत, त्यांचं ऐकू नको. शेकोटीशीही धरायची नाहीत, बधिर कातडी भाजते आणि कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ठेवायची, आणि तीही पुन्हा गोठणार नाहीत याची खात्री असेल तरच. एकदा सुटून पुन्हा गोठली तर गेलीच. कोणी कुडकुडायचं थांबलं आणि असंबद्ध बोलायला लागलं, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नको. तो सगळ्यात धोक्यात आहे. कोरड्या मोज्यांचा एक जोड पिशवीच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये, काही झालं तरी न वापरता, झोपायच्या वेळेसाठी. हे मी कशावरून सांगतो ते तुला कळलंय.

हिमस्खलनाचं मी पत्रात शिकवू शकत नाही. ३० ते ४५ अंशांचा उतार, ताजं हिम, वारा, एवढं कानावर असू दे. बाकी ते शिकायला संस्था आहेत. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स कर, महिनाभर काढ. आणि हेही माहीत असू दे की ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा शिखरावर त्याच संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २९ जण गेले. शिकलेले होते, शिकवणारे होते. शिकल्यानं डोंगर तुझा होत नाही. शिकल्यानं आज काय बघायचं ते कळतं, बघावं तर रोजच लागतं.

आणि गाडीतून जाताना ड्रायव्हरला झोपू देऊ नको आणि घाईही करू देऊ नको. मनालीकडच्या अटल बोगद्याच्या पलीकडं सिस्सू-कोकसरकडं सावलीच्या वळणावर डांबरावर बर्फाचा पातळ थर असतो, तो दिसतच नाही, नुसता रस्ता ओला वाटतो. पुलावर तर आधी धरतो, कारण पुलाला खालूनही थंडी लागते. पुढची गाडी गेली म्हणून आपली जाईल, हा तिथंही तोच घोळ.

तर असं कर. या जानेवारीचे पैसे भरू नको. दिवाळीत घरी येशील तेव्हा ते तुटलेले स्पाइक्स घेऊन ये. भाड्याचे होते म्हणालीस, मग निदान त्यांचा फोटो काढला असशील तर तो आण. रबर कुठून तुटलं ते मला बघायचंय. थंडीत रबर कडक होऊन चिरतं, ते हातात ताणून आधीच कळतं, आणि ते भाड्यानं घेताना तू ताणून बघितलं होतंस का हे मला विचारायचंय. कोर्सचा फॉर्म आपण बसून भरू, वैद्यकीय दाखला अचलपूरला मिळेल.

डिसेंबरात थंडीची लाट आली की मी तुला फोन करीन. कडाक्याच्या पहाटे चिखलदऱ्याला गवतावरचं दव कधी कधी गोठतं. मोठं काही नाही, पातळ पापुद्रा. पण कुठल्या अंगाला धरलं, कुठल्या नाही, दगडावर का नाही आणि गवतावर का, ऊन आल्यावर आधी कुठून सुटलं, हे सगळं तिथं शिकता येतं आणि पडलीस तर गुडघाच फुटेल. परतवाड्याहून पहाटेची गाडी करू. तुझा भाऊ येतो म्हणाला तर येऊ दे, पण पोरांचा घोळका नको.

बाबांशी मी उद्या बोलतो. या आठवड्यात रात्रीची लाइट आहे, सकाळी मी झोपलेला असतो. फोन करायचा तर दुपारी तीननंतर कर.

तुझा,
काका